खताच्या पोत्यावर थांबलेला तांब्याचा हिशेब: निकष ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सेंद्रिय खते, पशुखाद्य आणि सांडपाण्याचा गाळ यांचे निकष ठरवणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

माती आणि खतांच्या नमुन्यांचे पृथक्करण करणे हे माझे रोजचे काम आहे आणि त्या कामातून पक्की होत गेलेली एक मागणी आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. शेण, कोंबडीखत, वराहपालनातील मलमूत्र, बायोगॅस संयंत्रातून निघणारी स्लरी, शहरी कचऱ्याचे कंपोस्ट आणि सांडपाण्याचा गाळ या साऱ्यांतील अन्नद्रव्ये शेतात परत गेली पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नत्र आणि स्फुरद वाया घालवणे कोणालाच परवडणारे नाही आणि सेंद्रिय कर्ब कमी झालेल्या जमिनीला या खतांइतका दुसरा आधार नाही. मात्र या साऱ्याबरोबर तांबेही शेतात जाते आणि त्याचा हिशेब आजचे बहुतेक निकष खताच्या पोत्यापाशीच थांबवतात. तो हिशेब जमिनीपर्यंत न्यावा आणि तांबे मुळात जिथून शिरते तिथेच ते कमी करावे, ही माझी मागणी आहे.

तांबे हे विष आहे असे मी म्हणत नाही. ते सूक्ष्म अन्नद्रव्य आहे; प्रकाशसंश्लेषण, श्वसन आणि पेशीभित्तिका बळकट होणे या क्रियांना ते लागतेच. पण वनस्पतीची गरज फार थोडी असते. बहुतेक पिकांच्या पानांत कोरड्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण 5 ते 20 मिलिग्रॅम तांबे असते, आणि तेवढ्यावर त्यांचे सर्व काही सुरळीत चालते. वालुकामय, पीटयुक्त (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) किंवा चुनखडीच्या जमिनींत तांब्याची कमतरता खरोखर आढळते आणि अशा ठिकाणी तांबेयुक्त खताचा फायदाही दिसतो. तेथे हेक्टरी काही किलो तांबे एकदा घातले की त्याचा परिणाम पुढे कित्येक वर्षे टिकतो, असे कृषिशास्त्राची पुस्तके सांगतात. हा गुण म्हणून सांगितला जातो, आणि कमतरतेच्या जमिनीत तो गुणच आहे. पण जे तांबे एका मात्रेनंतर इतकी वर्षे जागचे हलत नाही, तेच दरवर्षी घातले गेले तर त्याचे काय होत असेल, हा प्रश्न त्याच माहितीतून उभा राहतो.

त्याचे उत्तर साध्या गुणाकार-भागाकारातून मिळते. एका हेक्टरची वरची 20 सेंटिमीटर माती धरली आणि तिची घनता घन सेंटिमीटरला 1.3 ग्रॅम मानली, तर तिचे वजन सुमारे 26 लाख किलो भरते. त्यात वर्षाला 10 टन कोरड्या वजनाचे कंपोस्ट घातले आणि त्या कंपोस्टमध्ये किलोला 300 मिलिग्रॅम तांबे असले, तर 3 किलो तांबे जमिनीत गेले. आता बाहेर किती येते ते पाहू. शेतातून 10 टन कोरडा माल उचलला आणि त्यात किलोला 5 मिलिग्रॅम तांबे असले, तर अवघे 50 ग्रॅम बाहेर पडते. एका वर्षी घातलेले तांबे पिकांमार्गे बाहेर काढायला 60 वर्षांची पिके लागतील. नत्र हवेत उडून जाते, पाण्याबरोबर झिरपते, पीक उचलते. स्फुरदही पिकाबरोबर बऱ्यापैकी बाहेर येते. तांबे मात्र कुजत नाही, उडत नाही आणि निचऱ्याच्या पाण्यातून जाते ते अगदी थोडे. वरच्या उदाहरणात मातीतील प्रमाण दरवर्षी किलोला जेमतेम 1.15 मिलिग्रॅमने वाढते. ही वाढ इतकी बारीक आहे की लागोपाठच्या दोन वर्षांच्या नमुन्यांत ती मोजमापाच्या चुकीत हरवून जाते. शेतकऱ्याला ती दिसत नाही, आम्हा पृथक्करण करणाऱ्यांना दिसत नाही आणि म्हणूनच ती कोणाला अडवावीशी वाटत नाही.

हे उदाहरण मर्यादेत बसणाऱ्या खताचे होते. युरोपीय संघाच्या 2019 च्या खतविषयक नियमानुसार सेंद्रिय खतात कोरड्या वजनाच्या किलोमागे 300 मिलिग्रॅमपर्यंत तांबे चालते. वराहपालनातील विष्ठेत ते याहून कितीतरी अधिक असू शकते आणि त्याचे कारण गोठ्याच्या अलीकडे, म्हणजे पशुखाद्यात आहे. डुकराच्या पोषणाला खाद्यातील किलोमागे 5 ते 10 मिलिग्रॅम तांबे पुरते. पण मोरचूद (कॉपर सल्फेट) किंवा तत्सम संयुगातून 125 ते 250 मिलिग्रॅम इतके तांबे घातले की पिलांची वाढ वेगाने होते आणि जुलाब कमी होतात, हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून माहीत आहे. या वाढीव तांब्याचा नऊ-दशांशाहून अधिक भाग प्राण्याच्या अंगी न लागता विष्ठेतून बाहेर पडतो. त्याच वेळी खाद्याचा सुमारे चार-पंचमांश कोरडा भाग पचून जातो. म्हणजे खाद्य कमी झाले, तांबे तेवढेच राहिले आणि विष्ठेच्या कोरड्या भागातील त्याचे प्रमाण खाद्यातल्यापेक्षा चार-पाच पटींनी वाढले. खाद्यात 150 असेल तर विष्ठेत 600 ते 750 मिळणे हा साधा हिशेबच आहे. पुढे तिचे कंपोस्ट केले आणि कुजण्यात निम्मा कोरडा भाग वायू होऊन गेला, की हा आकडा पुन्हा दुपटीकडे जातो. बायोगॅस संयंत्रातही हेच घडते: वायू बाहेर जातो आणि धातू स्लरीत राहतो. कुजवल्याने रोगजंतू मरतात, तणांचे बी निर्जीव होते, दुर्गंधी जाते, म्हणून चांगले कुजलेले खत निर्धोक असा समज रुजला आहे. तांब्याच्या बाबतीत त्या समजाला कोणताही आधार नाही.

दुभत्या जनावरांच्या गोठ्यात तांबे आणखी एका वाटेने येते. खुरांचे आजार टाळण्यासाठी जनावरांना मोरचुदाच्या सुमारे पाच टक्के द्रावणाच्या कुंडातून चालवतात. निळसर द्रावण शेणाने गढूळ झाले की ते बदलावे लागते, आणि जुने द्रावण बहुतेक वेळा गोठा धुतलेल्या पाण्याबरोबर स्लरीच्या टाकीत सोडले जाते. 200 लिटरच्या एका कुंडात पाच टक्क्यांच्या हिशेबाने 10 किलो मोरचूद असते आणि त्यात सुमारे अडीच किलो शुद्ध तांबे भरते. कुंड रिकामे करणाऱ्या माणसाला आपण काही वावगे करतो आहोत असे वाटण्याचे कारण नसते, कारण त्याला बहुतेक वेळा कोणी ते सांगितलेले नसते. जुने द्रावण स्लरीत सोडू नये, ही एक ओळ गोठा व्यवस्थापनाच्या सूचनांत घालणे आपल्या हातात आहे.

आता ज्या मुद्द्यावर जाणकारांतही मतभेद आहेत, त्याकडे वळतो. सेंद्रिय पदार्थ तांब्याला घट्ट धरून ठेवतात, हे खरे आहे. ह्युमिक पदार्थांशी, म्हणजे कुजण्यातून तयार होणाऱ्या गडद सेंद्रिय पदार्थांशी, बंध जुळवण्याची तांब्याची ओढ जस्त, निकेल किंवा कॅडमियम यांच्यापेक्षा बरीच जास्त असते. म्हणून एक बाजू म्हणते, की खताबरोबर आलेले तांबे खतातल्याच सेंद्रिय पदार्थांत अडकून राहते, पिकाला ते बाधत नाही, आणि ज्या प्रयोगांत विषारीपणा दिसला त्यांत तांब्याचे क्षार थेट मातीत मिसळलेले होते. ही शेवटची तक्रार रास्त आहे. ताज्या क्षाराने केलेला प्रयोग आणि 20 वर्षे मुरलेले खत यांची बरोबरी करता येत नाही. दुसरी बाजू विचारते, की खत घालणे थांबवल्यावर सेंद्रिय पदार्थ हळूहळू कुजून कमी होतील, तेव्हा त्यांनी धरलेले तांबे कुठे जाईल? त्यातील काही भाग लोह आणि मँगनीजच्या ऑक्साइडांवर बसेल, काही चिकणमातीच्या कणांवर, आणि काही पुन्हा मुळांच्या आवाक्यात येईल. किती भाग कुठे जाईल हे त्या-त्या मातीवर, विशेषतः तिच्या सामूवर (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) अवलंबून आहे. सामू 6.5 ते 7 च्या आसपास असताना शांत पडून राहिलेले तांबे, तीच जमीन रासायनिक नत्रखतांनी किंवा जोरदार पावसाने आम्ल होऊन सामू 5.5 च्या खाली गेला, की सुटू लागते. या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे असे मला वाटत नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट इतकी, की तांबे मातीतच राहते, आणि पुढच्या पिढीने ती जमीन कशी वापरावी हे आज आपण ठरवू शकत नाही.

जमिनीत साठलेले तांबे किती काळ टिकते, हे द्राक्षबागांनी दाखवून दिले आहे. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये केवडा रोगावर वापरात आले आणि तेव्हापासून युरोपातील बागांवर फवारले जात आहे. अनेक जुन्या बागांच्या मातीत किलोला शेकडो मिलिग्रॅम तांबे साठले आहे. दक्षिण फ्रान्समध्ये बागा काढून त्या जागी गहू घेतला गेला, तेव्हा त्यात तांब्याच्या विषारीपणाची आणि लोहाच्या कमतरतेसारखी लक्षणे अभ्यासकांनी नोंदवली. खोल मुळांच्या वेलींना जी माती चालत होती, ती वरच्या थरात रुजणाऱ्या रोपाला चालली नाही. 2018 च्या निर्णयाने युरोपीय संघाने या फवारणीवर सात वर्षांत हेक्टरी 28 किलोची, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलोची, मर्यादा घातली. येथे मर्यादा हेक्टरवर आहे आणि ती सात वर्षांचा हिशेब ठेवायला लावते. फवारणीच्या तांब्याला जो न्याय लावला, तो खतातून येणाऱ्या तांब्याला का लावू नये, हे मला समजलेले नाही. मातीच्या दृष्टीने ते दोन्ही एकच आहेत.

सांडपाण्याच्या गाळाच्या नियमांत हेक्टरची भाषा आहे, पण तिचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. युरोपच्या 1986 च्या निर्देशानुसार 10 वर्षांच्या सरासरीने वर्षाला हेक्टरी 12 किलो तांबे चालते, आणि सामू 6 ते 7 असलेल्या मातीत ते किलोला 50 ते 140 मिलिग्रॅमपेक्षा जास्त होऊ नये अशी मर्यादा आहे. वरच्याच वजनाने हिशेब केला तर 12 किलोंमुळे मातीत दरवर्षी साधारण 4.6 मिलिग्रॅमची भर पडते. सुरुवातीला 30 असलेली जमीन जेमतेम 24 वर्षांत 140 वर पोहोचते. म्हणजे वार्षिक मर्यादा पाळत राहिले तरी एका शेतकऱ्याच्या उमेदीच्या काळातच मातीची मर्यादा संपते. अमेरिकेच्या 1993 च्या नियमात गाळातून आयुष्यभरात हेक्टरी 1,500 किलोपर्यंत तांबे घालता येते. ते सारे वरच्या थरात राहिले तर किलोला सुमारे 577 मिलिग्रॅमची भर होते. शिवाय गाळातील प्रमाण किलोला 1,500 मिलिग्रॅमच्या आत असेल आणि इतर धातूही मर्यादेत असतील, तर एकूण साठ्याची नोंद ठेवण्याची अटही राहत नाही. दोन्हीकडे विज्ञान तेच असताना निष्कर्षांत इतके अंतर पडते, कारण एका नियमाने मातीतील तांबे ठराविक पातळीच्या वर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि दुसऱ्याने नुकसान दिसेपर्यंतची जागा वापरायला मोकळी ठेवली. आपण यांपैकी कोणता उद्देश धरला आहे, हे आपल्या मसुद्यात एका वाक्यात तरी स्पष्ट लिहावे.

मातीचे नुकसान आधी पिकाच्या उत्पन्नात दिसेल, ही अपेक्षाही चुकीची आहे. जादा तांबे बहुधा मुळांत अडकते. पाने वरून ठीक दिसतात, त्यांच्या पृथक्करणात तांब्याचा आकडा फारसा वाढत नाही, पण रोप उपटून मुळे धुतली की ती आखूड, जाड, तपकिरी आणि बारीक तंतूंवाचून दिसतात. त्याहून आधी मातीतले जीव बोलू लागतात. इंग्लंडमध्ये वोबर्न येथे 1942 ते 1961 या काळात काही वाफ्यांना सांडपाण्याचा गाळ दिला होता. 20 वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या मातीची तपासणी झाली, तेव्हा धातू तिथेच होते, सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान शेणखताच्या वाफ्यांच्या तुलनेत निम्म्यावर आलेले होते, आणि पांढऱ्या क्लोव्हर या द्विदल चाऱ्याच्या मुळांवर गाठी होत्या, पण त्यांतील रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र स्थिर करत नव्हते. त्या गाळात तांब्याबरोबर जस्त आणि कॅडमियमही होते, त्यामुळे हा सारा दोष एकट्या तांब्यावर टाकणे बरोबर होणार नाही. पण खरा गाळही तसाच असतो. त्यात एकटे तांबे कधीच येत नाही.

आणखी दोन परिणाम थोडक्यात सांगतो. मेंढ्यांना जास्तीचे तांबे शरीराबाहेर टाकणे नीट जमत नाही. स्लरी नुकतीच पसरलेल्या कुरणात गवताबरोबर ते पोटात जाते, आठवडे-महिने यकृतात साठते आणि एखाद्या ताणाच्या प्रसंगी एकदम रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते; तोपर्यंत जनावर धडधाकट दिसत असते. दुसरा परिणाम माणसांच्या औषधांशी जोडलेला आहे. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या आतड्यांतील एन्टरोकोकस जिवाणूंत तांबे सहन करण्याचे जनुक आणि काही प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता एकत्र आढळली. म्हणजे खाद्यात प्रतिजैविक नसले, नुसते तांबे असले, तरी औषधांना न जुमानणारे जिवाणू टिकून राहायला मदत होऊ शकते.

हे सारे माहीत असूनही माती परीक्षणाच्या अहवालात ते का उमटत नाही, याचे कारण आमच्या कामाच्या पद्धतीत आहे. नेहमीच्या अहवालातील तांबे डीटीपीए या द्रावणाने काढलेले, म्हणजे मातीतील फक्त पिकाला उपलब्ध होऊ शकणारे, असते आणि ही चाचणी कमतरता ओळखण्यासाठी तयार झालेली आहे. 0.2 पीपीएमच्या (किलोला मिलिग्रॅम) खाली असेल तर 'कमी', वर असेल तर 'पुरेसे', असे दोनच रकाने अनेक अहवालांत असतात. त्यामुळे 0.4 पीपीएम असलेल्या आणि 40 पीपीएम असलेल्या अशा दोन्ही शेतांच्या कागदावर 'पुरेसे' हाच शब्द छापला जातो. दुसऱ्या शेतकऱ्याच्या मातीत 0.2 च्या त्या मर्यादेच्या दोनशे पट तांबे आहे, हे त्याला कोणीच सांगत नाही, आणि तो पुढच्या हंगामातही निर्धास्तपणे तेच खत टाकतो. 'पुरेसे'च्या वर 'जास्त' असा एक रकाना हवा आणि तो भरला की मातीतील एकूण तांबे आणि सामू तपासण्याची सूचना त्याच कागदावर यायला हवी. नमुना घेण्यातही काळजी हवी. पातळ खत लांब वाहून नेणे महाग पडते, म्हणून गोठ्याजवळच्या तुकड्यावर ते सर्वांत जास्त पडते. त्या तुकड्याची माती साऱ्या शेताच्या मातीत मिसळून एकच नमुना केला, की नेमकी जिथे भर पडली तीच जागा सरासरीत नाहीशी होते.

खताच्या पोत्यावरच्या टक्केवारीची मर्यादा एवढ्यापुरती उपयोगी आहे, की तिने अगदी वाईट माल बाजारात येत नाही. पण ती सहज चुकवता येते. तांबे जास्त निघाले तर त्यात माती किंवा लाकडाचा भुसा मिसळला की आकडा खाली येतो, आणि पिकाला तेवढेच स्फुरद द्यायचे तर शेतकऱ्याला त्या खताचे टन वाढवावे लागतात. तांबे तेवढेच जमिनीत जाते, फक्त ते जास्त पोत्यांतून जाते. उलट जे खत प्रामाणिकपणे पूर्ण कुजवले, त्याचा आकडा वाढून ते नापास होते. म्हणून प्रमाण कोरड्या वजनाबरोबरच प्रत्येक किलो स्फुरदामागे किती ग्रॅम तांबे, अशा रीतीनेही मोजावे. डेन्मार्कच्या गाळविषयक नियमांत काही जड धातूंसाठी अशी स्फुरदाशी (फॉस्फरसशी) जोडलेली मर्यादा वापरात आहे. तांब्यासाठीही ती लावण्यात तांत्रिक अडचण दिसत नाही. शेतकरी खत घेतो ते अन्नद्रव्यांसाठी, तेव्हा त्या अन्नद्रव्यांबरोबर काय पदरात पडते हे त्याच मापात सांगणे योग्य आहे.

उगमापाशी रोखणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण खतात एकदा मिसळलेले तांबे परवडेल अशा रीतीने वेगळे करता येत नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये डुकरांच्या पिलांसाठी दूध तोडल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांपर्यंत खाद्यात किलोला 150 मिलिग्रॅम, पुढच्या चार आठवड्यांत 100 आणि त्यानंतर 25 अशी मर्यादा आणली. त्याआधी 12 आठवडे वयापर्यंत 170 चालत होते. त्या बदलानंतरही वराहपालन चालू आहे. कमी तांब्यावर जनावरे निरोगी ठेवायची तर गोठ्याची स्वच्छता, दूध तोडण्याचे वय आणि खाद्याची पचनीयता यांकडे जास्त लक्ष द्यावे लागते, त्याला खर्च येतो, आणि तो खर्च एकट्या पशुपालकावर टाकणे अन्यायाचे होईल. सल्ला आणि बदलाच्या काळात आर्थिक आधार ही आपल्या नियमाची बाजू असली पाहिजे. कचऱ्याच्या कंपोस्टमध्येही हेच: विजेच्या तारा, सुट्या भागांचे तुकडे आणि कारखान्यांचे सांडपाणी ओल्या कचऱ्यापासून आणि घरगुती सांडपाण्यापासून सुरुवातीलाच वेगळे राहिले, तर पुढच्या चाळण्यांवर आणि प्रक्रियांवर होणारा खर्च वाचतो.

शेतकऱ्यांच्या वतीने एक सांगणे आहे. हे नियम कडक झाले म्हणून कोणाचे शेणखत किंवा कंपोस्ट वापरणे थांबू नये. गवत-चाऱ्यावर पोसलेल्या, मोरचुदाच्या कुंडातून न गेलेल्या जनावरांच्या शेणखतात तांबे मुळातच कमी असते; त्याला आणि शेकडो मिलिग्रॅम तांबे असलेल्या स्लरीला एकाच तराजूत घालून लहान शेतकऱ्याकडून महागडे दाखले मागू नका. चाचणीचा भार जिथे तांबे शिरते तिथे, म्हणजे खाद्य तयार करणाऱ्यांवर, मोठ्या गोठ्यांवर आणि कंपोस्ट व गाळ विकणाऱ्यांवर ठेवा. शेतकऱ्याकडून फक्त एवढेच मागा, की कोणत्या तुकड्यावर कोणते खत किती टन टाकले याची नोंद त्याने ठेवावी, आणि त्या नोंदीवरून हेक्टरी साठलेल्या तांब्याचा आकडा काढून देण्याचे काम माती परीक्षण केंद्रांकडे सोपवा.

आपल्या पुढील मसुद्यात तांब्याची मर्यादा हेक्टरी आणि 10 वर्षांच्या बेरजेने द्यावी, ती मातीच्या सामूप्रमाणे वेगळी असावी, आणि फवारणी, खत व गाळ या तिन्हींतून येणारे तांबे एकाच खात्यात धरावे, ही विनंती. मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा वरचे सर्व हिशेब आकड्यांसह सादर करण्याची माझी तयारी आहे.

आपला विश्वासू,
माती व खत पृथक्करणाच्या कामातील एक कार्यकर्ता